भाऊजी, हलकी म्हणजे काय?

भाऊजी,

तुमच्या तेरवीला आलेल्या प्रत्येकानं मला एकच विचारलं. शेवटचं बोलणं काय झालं? तुमचा एकुलता एक साळा, शनिवारचा तुमचा हक्काचा सोबती, म्हटल्यावर लोकांना वाटतं की काहीतरी ठेवणीतलं तुम्ही माझ्याजवळ बोलून गेला असाल. पहिल्या दोघातिघांना मी खरं सांगितलं. म्हटलं, वाइनवरून हुज्जत चालली होती, ती अर्धवट राहिली. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की पुढच्या माणसापासून मी उत्तर बदललं. "सगळ्यांना सांभाळा म्हणाले," असं सांगायला लागलो. त्यावर लोक समाधानानं मान हलवायचे आणि आणखी थोडी बुंदी घ्यायचे.

तुम्ही असं काही म्हणाला नव्हता. तुम्ही म्हणाला होता, "हलका माल आहे, सालेसाहेब."

हुज्जत वाइनची होती, हेही तसं अर्धंच खरं. तुम्हाला हवं होतं ते वेगळंच. ते तुम्ही मला सांगितलं होतं आणि जिला सांगायला हवं होतं तिला सांगितलं नव्हतं. ताईनं एकदा तुमच्याबरोबर बसून काहीतरी चाखावं, आणि कसं लागलं ते आपल्या तोंडानं सांगावं. एवढंच. एवढ्यासाठी आपण दोन म्हाताऱ्यांनी अख्खा उन्हाळा घालवला, आणि त्यात माझी जी शोभा झाली ती तुम्ही असतात तर पुढची दहा वर्षं पुरवून पुरवून सांगितली असतीत. आता ती मलाच सांगावी लागते आहे. मी माझ्या बाजूनं थोडी सूट घेतली तर समजून घ्या.

तुम्ही जन्मभर जिनिंगवाल्यांसाठी कापूस पाहिला. गाडी आत आली की हात कोपरापर्यंत कापसात घालायचा, वरचा सोडून आतला मूठभर काढायचा, चिमटीत धरून दोन अंगठ्यांनी हळूच ओढायचा, उन्हाकडे धरायचा आणि एक शब्द बोलायचा. त्या शब्दावर भाव ठरायचा. ही सवय घरी येताना तुम्ही फाटकाबाहेर ठेवून आला नाहीत. ताटात पोळी पडली की तिचा तुकडा तसाच ओढून पाहायचात. वरणात आज ओलावा जास्त. भाकर सरस. वांग्याला धागा नाही. ताई ऐकायची, हं म्हणायची आणि वाढायची. तुमचं झालं, मी असलो तर माझं झालं, की मग ती आपलं ताट घेऊन आत बसायची. तिला ते वांगं कसं लागलं, असं कुणी विचारलं असतं तर तुम्ही आणि मी, दोघंही, एकमेकांच्या तोंडाकडे पाहत राहिलो असतो.

हे तुमच्या लक्षात आलं नाशिकला. मीनल, तुमची लेक, तिथे असते. तिनं तुम्हा दोघांना एका मळ्यावर नेलं, जिथे द्राक्षांची वाइन करतात आणि आल्यागेल्याला चाखायला देतात. ताई वासाच्या भीतीनं बाहेर झाडाखाली बसून राहिली. तुम्ही आत गेलात. शेजारच्या टेबलावर तुमच्याच वयाचं एक जोडपं होतं. बाईनं घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, ही नको, आधीचीच बरी. नवरा म्हणाला, मला तर हीच आवडली. मग त्यावरून दोघांची जुंपली आणि बराच वेळ जुंपून राहिली.

परत आल्यावर मागच्या सपरीत, पत्र्याच्या पडवीत, बसून तुम्ही मला हे सांगितलंत. मी गोष्टीवाला माणूस. मला वाटलं, आता पेला फुटेल, निदान कुणीतरी रागावून उठेल. विचारलं, मग?

"मंग काही नाई. थे दोघं बोलून राह्यले व्हते."

मी म्हटलं, भाऊजी, ही काय गोष्ट झाली? तुम्ही फुटाणे चाळत बसलात. तोंडात मात्र टाकले नाहीत.

"मी जेवतो, मंग थे जेवते," तुम्ही म्हणालात. "एक चीज दोघाच्या तोंडात एका टायमाले कधी गेलीच नाई, सालेसाहेब. तिले काय आवडते, असं मले कोणी इचारलं त मी काय सांगन?"

मी ताबडतोब सांगितलं की ताईला भरली वांगी आवडतात. मी तिचा सख्खा भाऊ, मला माहीत असणारच.

"थे मले आवडते," तुम्ही म्हणालात.

आता मला सुचतं की तिला साधं पंगतीला बसायला सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण तेही तुम्ही करून पाहिलं होतं. एकदा ताट समोर आल्यावर म्हणालात, तूपण बस. तर ती म्हणाली, मंग पोळ्या कोण टाकन? बाटलीला पोळ्या टाकाव्या लागत नाहीत, हा तुमचा मुद्दा. तव्यावर काही नाही, चुलीवर काही नाही, तिला उठून जायला निमित्त नाही. मला तो इतका पटला की मी त्याच दिवशी स्वतःला या कामाचा प्रमुख नेमून टाकलं. इथून पुढचं सगळं जे बिघडलं ते माझ्या देखरेखीखाली बिघडलं.

अडचण वासाची होती. आपल्या शनिवारच्या बैठकीत तुमची व्हिस्की होती तोवर ताईनं सपरीचा उंबरठा ओलांडला नाही. पापड, दाणे, कांदा घातलेले फुटाणे, सगळं उंबरठ्यावर यायचं आणि मी वाकून उचलायचो. रागानं नव्हे, तिला तो वास घासलेटासारखा वाटायचा. पुढे छातीतली जळजळ वाढली म्हणून व्हिस्की तुम्ही स्वतःच सोडलीत आणि बैठक फुटाण्यांवर आणि माझ्या थापांवर चालू राहिली, पण उंबरठ्याचा रिवाज सुटला नाही. तेव्हा असं काहीतरी हवं होतं जे नाकाला झोंबणार नाही आणि घशाला लागणार नाही. मीनल फोनवर म्हणाली, मामा, लाल वाइनमध्येसुद्धा हलकी असते. जड नाही, कडू नाही. मी म्हटलं, बस, समजलं, बाकी माझ्यावर सोड.

यवतमाळात वाइन शॉप काय कमी आहेत? उमरखेडला शाळेत भूगोल शिकवण्यात माझी सगळी नोकरी सरली, पण दुकानाच्या पाटीवर जे लिहिलं असतं ते आत मिळतं, एवढा माझा अभ्यास होता. संध्याकाळची वेळ, जाळीपुढे ही गर्दी. माझा नंबर आला. मी शुद्ध आणि स्पष्ट मराठीत म्हटलं, "एक लाल वाइन द्या. हलकी."

जाळीमागचा माणूस मला नीट न्याहाळून म्हणाला, "काका, हलकीच पायजे असन त देशीचं दुकान बाजूले आहे."

मी त्याला समजवायला लागलो की हलकी म्हणजे तशी हलकी नव्हे. त्याला वाटलं मी भाव पाडतो आहे. मागचे लोक ढकलायला लागले आणि तेवढ्यात रांगेतून आवाज आला, "सर, तुमी?" माझा जुना विद्यार्थी. आता टक्कल पडलेला, पोट सुटलेला, पण संस्कार शाबूत. तो रांग सोडून आला आणि तिथंच, वाइन शॉपच्या पायरीवर, वाकून माझ्या पाया पडला. या दुकानात पाया पडण्यासारखं कोण आलं म्हणून अख्खी रांग मान वळवून पाहायला लागली. मी घाईघाईनं जी पुढ्यात आली ती बाटली उचलली आणि निघालो. तुम्ही तिचा एक घोट घेतलात, जीभ टाळूला चिकटली ती सोडवलीत आणि विचारलंत, "खोकला कोणाले आहे?"

शेवटी मीनलनंच नाशिकहून दोन बाटल्या धाडल्या, कुणी ओळखीचं गाडीनं येत होतं त्यांच्याबरोबर. स्वस्तातल्याच होत्या. ती म्हणाली, हे द्राक्ष इकडे फारसं कुणाला ठाऊक नाही, म्हणून भाव चढलेला नाही. आपण सपरीत बाटली उन्हाकडे धरली. चष्मा लावून मी द्राक्षाचं नाव वाचलं, सिन-सॉल्ट, आणि मास्तरकीच्या अंगभूत विश्वासानं तुम्हाला सांगितलं की हिच्यात मीठ असणार. सॉल्ट म्हणजे मीठ. तुम्हाला बीपी. तुम्ही बाटली माझ्याकडे सरकवून दिलीत. आपण बराच वेळ एका परदेशी द्राक्षाला खारट ठरवून त्यावर चर्चा केली. समुद्राकाठी पिकत असेल, असं भूगोलाच्या आधारानं मी सांगितलं. मग तुम्ही मीनलला फोन लावलात. ती इतकी हसली की फोन कानाला न लावताही मला ऐकू आलं. सँसो म्हणायचं म्हणे. ल आणि ट नुसतेच लिहायचे. तुम्ही म्हणालात, बोलाचंच नाई त लिहाचं कायले?

मग बूच. वाइनच्या बाटलीला लाकडी बूच असतं आणि ते काढायला पिळाची सळई लागते, हे मी कुठेतरी पाहिलं होतं. ती सळई शोधत मी बाजारभर फिरलो. हार्डवेअरवाल्यानं दाराला आकडा बसवायचा स्क्रू दाखवला. भांडेवाल्यानं नारळ सोलायचं यंत्र काढलं आणि त्यानं काहीही निघतं म्हणाला. शेवटी मी ती ऑनलाइन मागवली, ती येईपर्यंत तुम्हाला बाटलीला हात लावू दिला नाही, आणि ती आल्यावर मोठ्या थाटात बाटलीवरचा कागद सोलला. खाली फिरकीचं झाकण. खोकल्याच्या औषधाला असतं तसलं. तुम्ही माझ्या हातातून बाटली घेतलीत, एका पिळात उघडलीत, आणि सळई माझ्या खिशात घालून वरून थोपटलीत. "राहू द्या," म्हणालात. "कानाले कामी येईन."

एवढ्यावर भागलं असतं. पण लाल वाइन खोलीच्या तापमानालाच प्यायची असते, हेही माझ्या वाचनात आलं होतं. ज्यानं लिहिलं त्याची खोली कुठली होती हे त्यानं लिहिलं नव्हतं. आपली खोली म्हणजे मे महिन्यातली यवतमाळची सपरी, वर पत्रा, समोर कूलर आणि कूलरमध्ये पाणी नाही. मीनल सांगत होती की थोडी थंड करा. मी म्हटलं, तू लहान आहेस. मी ओतली तेव्हा ती काढ्याइतकी गरम होती. पाहुण्यांचे काचेचे पेले तुम्ही ताईच्या नकळत कपाटातून काढून आणले होतेत. रंग मात्र सुरेख होता. पातळ लाल, पेल्यातून तुमची बोटं आरपार दिसत होती.

तुम्ही घोट घेतलात आणि डोळे मिटलेत. हाताचे दोन्ही अंगठे आपोआप हलले, जसं काही चिमटीत कापसाचा पेळू आहे. मग म्हणालात, "धागा आखूड आहे. घशाखाली गेली का तुटली."

आणि मग तो शब्द. हलका माल.

मला राग आला, भाऊजी. तुम्हाला तो दिसला, आणि तुम्हाला मजा वाटली, हेही मला दिसलं. पायरीवर पाया पडून घेतलं मी, बाजारभर सळई शोधली मी, आणि हे दोन शब्दांत गाडी परत पाठवतात. मी तुम्हाला भाषेचा धडा दिला. म्हटलं, हलका म्हणजे वजनाला कमी. हलकं जेवण वाईट नसतं, रात्रीला तेच बरं. ओझं हलकं झालं तर माणूस खूश होतो. ढग हलके, पाऊल हलकं, मन हलकं. यात वाईट काय आहे? तुम्ही सगळं ऐकून घेतलंत. तुम्ही माझं नेहमीच सगळं ऐकून घ्यायचात. आणि म्हणालात, "हलका माल म्हणजे हलका माल. थ्याले मन कायले लावता?"

तो पेला मात्र तुम्ही संपवलात. अर्धाच उरला होता म्हणून संपवला असेल, असं मी तेव्हा धरलं. उरलेली बाटली मी संपवली, तत्त्वासाठी, आणि जाताना फाटकाला धडकलो.

त्यानंतर प्रत्येक भेटीत मी तो विषय काढला. तुम्हाला एखाद्या शब्दाला दोन अर्थ असतात हे कबूल करायला लावायचंच, असं मी ठरवलं होतं. तुम्ही दाद दिली नाहीत; शेवटच्या बुधवारीसुद्धा तेच, हलका माल आहे, सालेसाहेब. पण मग तुम्ही स्वतःच म्हणालात, दुसरी बाटली थंडी करू. आइतवारी हिले बसवू. मी म्हटलं, अहो, माल हलका आहे ना? मग रविवारी ताईला कशाला? तुम्ही एक दाणा सोलून तोंडात टाकलात. मग म्हणालात, "मी इचारतो तिले. तुमी काही बोलू नोका. तुमी बोलले का थ्याची गोष्ट होते."

तुम्ही आत जाऊन बाटली फ्रिजमध्ये ठेवलीत, दुधाच्या पातेल्याशेजारी. मी निघताना पाहिलं, ताईनं पातेलं उचलून खालच्या कप्प्यात ठेवलं होतं.

गुरुवारी दुपारी तुम्ही जेवलात आणि कूलरसमोर आडवे झालात. कूलरमध्ये त्या दिवशी पाणी होतं. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

त्या दिवसांबद्दल माझ्याजवळ सांगण्यासारखं फार नाही. मी पुष्कळ कामं केली आणि त्यातली बरीच चुकली. तेरवीच्या छापून आणलेल्या पत्राच्या कागदावर तुमच्या नावाच्या आधी चिरंजीव छापून आलं, ते मी तपासलं होतं. तुम्ही असतात तर तो कागद चौकटीत बसवून सपरीत लावला असतात. मला रडू आलं नाही. त्याचं लोकांना वाईट वाटलं आणि मला नवल. एक मात्र झालं. दहाव्याहून परत येताना मी रिक्षात काहीतरी गमतीचं पाहिलं, नेमकं काय ते आता आठवत नाही, आणि हे शनिवारी कसं सांगायचं याची मनात जुळवाजुळव सुरू झाली. कुठे थोडं वाढवायचं, कुठे थांबायचं. वळणावर लक्षात आलं की ऐकणाराच नाही. उमरखेड सोडून यवतमाळला आलो तेव्हा माझ्या गोष्टींना घरात गिऱ्हाईक नव्हतं. बायको म्हणते, मी ऐकलेल्या आहेत. तुम्हीही ऐकलेल्याच असायच्या. तरी शेवटपर्यंत ऐकायचात आणि मग भाव सांगायचात. आज भेसळ जास्त आहे, सालेसाहेब. हे म्हणण्यासाठी का होईना, पूर्ण ऐकावं लागतं. त्याचे आभार मी कधी मानले नाहीत. मानले असते तर तुम्ही त्यातही भेसळ काढली असती.

आता मुद्द्याचं. तेरवी झाली, पाहुणे गेले, मीनल नाशिकला परतली. ताईनं तिच्याबरोबर जायला नकार दिला. मी सकाळची चक्कर टाकायला गेलो तेव्हा ती स्वयंपाकघरात फ्रिज पुसत होती. सगळं बाहेर काढून ओट्यावर मांडलं होतं, त्यात ती बाटली. इतके दिवस घरातल्या बायका फ्रिज उघडायच्या, कुणीतरी विचारायचं, हे काय? ताई सांगायची, ह्याईचं आहे, राहू द्या. त्यापुढे कुणी विचारत नसे.

आता तिनं मला विचारलं, "बबन, हे ह्याईनं कायले ठेवलं व्हतं?"

तुम्ही मला बोलू नका म्हणाला होतात. पण जो विचारणार होता तोच राहिला नव्हता. मी आयुष्यातली सर्वांत छोटी गोष्ट सांगितली. म्हटलं, "तुह्यासाठी. तू चाखाव म्हणून."

"मी?"

"हाव. त्याईच्या संग बसून."

ती फडकं पिळत उभी राहिली. पिळून झालं तरी पिळत होती. मग ते वाळत घातलं, हात पुसले आणि विचारलं, "कशात पेतेत?"

मी पाहुण्यांचे काचेचे पेले म्हणणार होतो. तिनं तोवर स्टीलचे दोन पेले काढून धुतले होते. आम्ही स्वयंपाकघरातच खाली बसलो, ती भिंतीला टेकून, मी फ्रिजला. झाकण मी एका पिळात उघडलं. बाटली इतकी गार होती की बोटांना ओल आली. तिनं पेला नाकाशी नेला आणि मी श्वास धरला. तिनं नाक मुरडलं नाही. पण प्यायलीही नाही. म्हणाली, "ह्याईनं पेली व्हती का?"

"पहिली बाटली. मंग म्हणे, हलका माल आहे."

ताई हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मोठ्यानं नव्हे, नाकातल्या नाकात.

"मंग आवडली असन त्याईले," ती म्हणाली.

मी म्हटलं, अगं, हलका म्हणाले. हलका. तिनं माझ्याकडे शाळेत नापास झालेल्या पोराकडे पाहावं तसं पाहिलं. तिनं मला सांगितलं की नापसंत कापसाला तुम्ही कधीच काही म्हणायचा नाहीत. गाडीवाल्याला रामराम करायचात आणि पुढच्या गाडीकडे जायचात. घ्यायचा असला की आधी हलका म्हणायचं, मग भाव बोलायचा. जिनिंगवरच्या साऱ्यांना ठाऊक होतं. हलका म्हटलं की लोक बैल सोडायचे, कारण सौदा होणार. "लग्नाच्या वक्ती मले पाहून गेले तवाबी घरी जाऊन पोह्याइले हलके म्हणलं व्हतं," ती म्हणाली. "सासूनं सांगतलं मले मंग."

तेव्हा भाऊजी, मी तुमच्याशी इतके दिवस जी हुज्जत घातली ती भलत्याच गाडीवर. तुम्ही मला कळू दिलं नाहीत. उलट चेतवत राहिलात. मी ढगापर्यंत जाऊन आलो, पावलापर्यंत जाऊन आलो. असो. हा हिशेब मी वेगळा चुकवीन, कसा ते माहीत नाही.

मग तिनं घोट घेतला.

माझ्या तोंडात बरीच वाक्यं तयार होती. द्राक्षाचं नाव कसं म्हणतात, थंड का प्यायची, धागा का आखूड. मी ती सगळी गिळली. बाहेर कुणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती, ती चार वेळा खाकरली आणि थांबली. ताईनं जीभ ओठांवरून फिरवली.

"आंबट आहे," ती म्हणाली.

मी लगेच माफी मागायला लागलो. म्हटलं, बाटली फार दिवस राहिली असेल, थांब, साखर टाकतो.

"बबन, चूप बस जरासक." तिनं पेल्यात पाहिलं. "आंबट आहे. मले आंबट आवडते. अंबाडीच्या बोंडाचं सरबत असते ना, तसं आहे. माय करत जाय थे."

मला आठवलं. तुम्ही मला विचारलं होतंत तेव्हा आठवलं नव्हतं. वावरात अंबाडीच्या ओळीतून चालताना ताई कोवळा पाला ओरबाडून कच्चाच खायची आणि आई ओरडायची, दात आंबतील. घरी अंबाडीची भाजी झाली की तिच्या ताटात माझ्याही वाट्याची जायची, कारण मला ती नको असायची. इतकं ढळढळीत मला माहीत होतं आणि मी तुम्हाला भरली वांगी सांगितली.

"ह्याईले आंबट सोसत नव्हतं," ताई म्हणाली. तिचा आवाज भाजीचा भाव सांगावा तसा होता. "छातीत जळे. म्हणून या घरी आल्यापासून मी अंबाडी रांधलीच नाई. चिंचबी नाई टाकली कशात."

"मंग सांगतलं काहून नाई कधी?"

"इचारलं कोणं?"

तिनं तक्रार म्हणून म्हटलं नव्हतं. मी विचारलं म्हणून सांगितलं, इतकंच. मला वाटलं, गप्प राहावं. तुम्ही तेच सांगितलं होतंत. पण भाऊजी, ही एक गोष्ट तुमच्याऐवजी मलाच सांगावी लागणार होती, आणि तिच्यात मला काही वाढवायचं नव्हतं.

मी म्हटलं, "आइतवारी इचारणार व्हते, ताई."

ताईनं माझ्याकडे पाहिलं नाही. पेला उचलला, दुसरा घोट घेतला, आणि तो तोंडात धरून बराच वेळ गिळला नाही.